नकाशाला लावलेली तीट

इंटिरियर डिझायनर म्हणजे पडदे निवडणारा माणूस, अशी आमच्या घरातसुद्धा समजूत आहे. माझे वडील पैठण तालुक्यातले शेतकरी. पाहुण्यांना माझा धंदा सांगायची वेळ आली की ते जरा अडखळायचे आणि मग म्हणायचे, "पोरगं लोकांच्या घरातलं सामान इकडचं तिकडं करतंय." त्याचे लोक पैसे देतात, यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. मला विचाराल तर इतकी नेमकी व्याख्या मी तरी कुठे वाचलेली नाही.

त्यात एकच भर घालतो. सामान हलवायच्या आधी भांडणं ओळखावी लागतात. सासूला देवघर जिथे हवं असतं, नेमका तिथेच सुनेला फ्रीज ठेवायचा असतो. हे कोणी तोंडाने सांगत नाही. चपला कुठे काढल्यात, चार्जर कुठे लोंबतोय, कुठल्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग आहे, हे पाहून आपणच समजून घ्यायचं असतं. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून तीस-पस्तीस वर्षं मी हेच करत आलो. आता हळूहळू आवरतं घेतोय. तेव्हा धंद्यातलं एक गुपित फोडायला हरकत नाही. खरं तर ते आधीच फुटलेलं आहे, आणि कसं फुटलं तेच सांगायला बसलोय.

त्यासाठी आधी प्लॅन म्हणजे काय ते सांगतो. इमारतीचं छप्पर उचलून बाजूला ठेवलं आणि वरून खाली पाहिलं, तर जे दिसेल ते कागदावर काढायचं. झाला प्लॅन. हा कागद मी आजवर शेकडो लोकांसमोर पसरला असेन. तो खरोखर वाचणारी माणसं मला फार थोडी भेटली. बाकीचे त्यात दोनच गोष्टी शोधतात, आपली खुर्ची आणि आपला संडास. त्या सापडल्या की मान डोलावतात आणि मग काहीतरी बदलायला सांगतात. काहीतरी बदलायला सांगितल्याशिवाय आपण पाहिलं असं त्यांना वाटतच नाही.

सुरुवातीच्या काळात मी एका डॉक्टरांच्या दवाखान्याचा अगदी निर्दोष प्लॅन केला होता. पेशंट बसायच्या जागेला पूर्वेकडून मोठी खिडकी ठेवली होती, समोर कडुनिंब. डॉक्टरांनी अर्धा तास तो कागद उलटासुलटा करून पाहिला. चूक सापडेना. माणूस बेचैन झाला. शेवटी त्यांनी ती खिडकीच बुजवायला लावली आणि तिथे धबधब्याचं मोठं पोस्टर चिकटवलं. एप्रिल-मे महिन्यात पेशंट त्या धबधब्यासमोर घामाने निथळत बसायचे.

त्या दिवशी मी ठरवलं की गिऱ्हाइकाला काहीतरी बदलायचंच असेल, तर काय बदलायचं ते आपणच काढून द्यावं. गुटगुटीत बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आया त्याच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात. बघणाऱ्याची नजर ठिपक्यावर अडकते आणि बाळ सुटतं. मी प्लॅनला तीट लावायला लागलो. एक ठसठशीत, कोणालाही दिसेल अशी चूक मुद्दाम काढायची. गिऱ्हाइकाने ती पकडली की चेहरा पाडायचा. "अरेच्चा, हे माझ्या लक्षातच आलं नाही," असं म्हणायचं. मग खोडरबर काढून, आधीच ठरवून ठेवलेली दुरुस्ती त्यांच्यादेखत करायची. गिऱ्हाईक खूश, सही होते आणि खिडकी वाचते.

शहागंजातल्या एका कापडवाल्या शेठजींच्या दुकानात मी गल्ला दाराकडे पाठ करून दाखवला होता. म्हणजे मालक भिंतीकडे तोंड करून बसणार आणि मागून कोणीही काहीही उचलून नेणार. शेठजींनी ती चूक पकडली आणि टेबलावर थाप मारली. पुढे कित्येक वर्षं ते लोकांना सांगायचे, "शेळके कामाला फर्स्ट क्लास आहेत. फक्त लक्ष ठेवावं लागतं." त्यांच्या या शिफारशीवर मला शहागंजातली आणखी चार दुकानं मिळाली.

हे गुपित माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं, मुख्तारभाईंना. मूळचे सुतार, पण पुढे गवंडी, रंगारी, प्लंबर सगळे त्यांच्या हाताखाली आले, आणि माझं प्रत्येक काम त्यांनीच केलं. नवा प्लॅन उलगडला की ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "टीका किधर लगाया, शेळके साब?" मी बोट ठेवायचो आणि ते मान हलवून म्हणायचे, "हौ. पकडा जाता ये. अच्छा है."

तर अशा आमच्या सुखी संसारात ते विद्यापीठ आलं. लांबच्या जिल्ह्यातलं, खासगी. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला अजूनही दिवाळीला फराळाला बोलावतात. त्यांना आपल्याकडे उपकेंद्र काढायचं होतं. वर्षभर ते बिडकीनमध्ये भाड्याच्या चार गाळ्यांत चाललं आणि मग त्यांना बापूसाहेबांची इमारत सापडली.

बापूसाहेब त्या भागातले जुने, मोठे शेतकरी. बरीचशी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. उरलेल्या तुकड्यावर, पैठण रस्त्याला लागून, त्यांनी मंगल कार्यालय बांधायला घेतलं. ते पुरं होत आलं तोवर आजूबाजूला आणखी सहा मंगल कार्यालयं उभी राहिली. त्यामुळे विद्यापीठ जागा बघायला आलं तेव्हा बापूसाहेबांनी इमारत तर दिलीच, वर विद्यापीठाच्या इमारत समितीत स्वतःसाठी एक खुर्चीही मागून घेतली.

लग्नाच्या हॉलचं कॉलेज करायचं काम मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. मला तर उकळ्या फुटल्या. भटारखान्यात गॅसची लाइन, धूर बाहेर टाकणारे पंखे, मोऱ्या सगळं तयार होतं, त्याची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा झाली. जेवणाच्या हॉलचं ग्रंथालय झालं. मुख्य हॉलचे पार्टिशन घालून चार वर्ग पाडले. त्याच्या छताला गुलाबी फुलांची नक्षी होती आणि तिला हात लावायचा नाही अशी बापूसाहेबांची सक्त ताकीद होती. अर्थशास्त्राच्या वर्गातली मुलं कंटाळली की अजूनही वर बघून फुलं मोजतात, असं ऐकतो.

राहिल्या स्टेजमागच्या दोन खोल्या. मधे एक भिंत, अलीकडे वरपक्ष, पलीकडे वधूपक्ष. वरपक्षाची खोली मोठी होती, हे सांगायला नकोच. वधूपक्षाची लहान, पण तिला आतून संडास-बाथरूम, आरसा आणि पाण्याचे नळ होते. नवरीला तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून बापूसाहेबांनी ती सोय केली होती. मोठी खोली उपकेंद्राच्या संचालकांची केबिन होणार, हे इमारत पाहायच्या आधीच ठरलेलं होतं. लहान खोलीचं काय करायचं ते मला वंदनाताईंनी सांगितलं.

वंदनाताई साळवे उपकेंद्राच्या ग्रंथालयात सहायक होत्या. जवळच्याच खेड्यातल्या. घरात शिकून नोकरीला लागलेल्या त्या पहिल्या. त्यांच्या टेबलावर बुद्धाची लहानशी पितळी मूर्ती, पुस्तकांना कव्हरं घालायचा खाकी कागद आणि कात्री, एवढंच असायचं. ग्रंथालयाची मापं घ्यायला मी गाळ्यांवर गेलो तेव्हा कपाटांबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, कपाटं कशीबी करा. मला एक खोली पाहिजे. पोरींसाठी."

मी म्हटलं, "लेडीज टॉयलेट दाखवलंय की प्लॅनमध्ये, पार्किंगच्या मागे."

"पार्किंगच्या मागं कोण जाईल? तिथं पोरं गाड्यांवर बसलेली असणार, इथल्यावाणीच." मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "पोरी सकाळच्या एस्टीनं येत्यात न् चारच्या एस्टीनं जात्यात. तवर पाणी पीत नाय, सर. बाटली आणत्यात न् भरलेली घरी नेत्यात. महिन्यातले चार-पाच दिवस तर येतच नाय. दोघी अशाच घरी बसल्या त्या बसल्याच. एकीचं तर लग्नबी ठरवून टाकलं. दार लावून घेता यील अशी एक खोली द्या. बाकी मला काय नको."

पस्तीस वर्षं मी भांडणं ओळखायचा धंदा केला. चपला पाहिल्या, चार्जर पाहिले. भरलेल्या बाटल्या घरी परत जातात हे मला कधी दिसलं नव्हतं. मी जागच्या जागी वधूपक्षाच्या खोलीवर पेन्सिलने 'मुलींची खोली' असं लिहिलं. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हे खोडणार नाय ना कोणी?"

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो. माझ्याकडे तीट होती ना!

संचालक डॉ. सोनटक्के हे माझं जुनं गिऱ्हाईक. उस्मानपुऱ्यातला त्यांचा फ्लॅट मीच केला होता. त्यांना केबिनला जोडून स्वतंत्र संडास हवा होता. तो केबिनच्याच वायव्य कोपऱ्यात सहज बसत होता. वास्तुवाल्यांनाही तिथे चालतो आणि पाइपही नीट जातात. समितीसाठी मात्र मी तो काढला ईशान्येला. ज्या कोपऱ्यात लोक देव ठेवतात, त्या कोपऱ्यात. बापूसाहेब वास्तुशास्त्राचे एवढे भोक्ते, की त्यांच्या ट्रॅक्टरचं तोंडही रात्री ठरावीक दिशेला असायचं. याहून ठळक तीट मी आयुष्यात लावली नव्हती. ईशान्येवरून पंधरा मिनिटं कालवा होईल, मी कान धरीन, संडास वायव्येला सरकवीन आणि त्या गदारोळात शेजारच्या खोलीवर काय लिहिलंय ते कोणी वाचणार नाही. इतका सरळ हिशेब होता.

समिती पाच जणांची. डॉ. सोनटक्के, बापूसाहेब, उपकेंद्राचे लेखाधिकारी आणि मुख्यालयातून आलेले दोघे. त्या दोघांना परतीची गाडी गाठायची होती, त्यामुळे ते प्लॅनपेक्षा घड्याळ जास्त वाचत होते. मी कागद पसरला. बापूसाहेबांचं बोट एक मिनिटात ईशान्येला पोचलं.

"ओ शेळके! हे काय करून ठेवलं? देवाच्या कोपऱ्यात संडास?"

"अरेच्चा," मी चेहरा पाडला. "हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"लक्षात कसं आलं नाय? लहान लेकराला कळतंय ते!" बापूसाहेब रंगात आले. बाकीचेही माना हलवायला लागले. मी खिशातून खोडरबर काढला. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात बापूसाहेबांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"द्या इकडं. अहो, नवा संडास पाहिजेच कशाला? बाजूच्या खोलीत मी स्वतः बांधलाय ना! लई चांगल्या टाइल लावल्यात. मधली भिंत फोडा, दार टाका. झालं सायबाचं काम!" त्यांनी भिंतीवर काट मारली. मग त्यांना माझी अक्षरं दिसली. "मुलींची खोली? मुलींना पार्किंगच्या मागं हाय की. इथं सायबाला दुपारी जरा पाठ टेकायला दिवाण टाका."

डॉ. सोनटक्के नको-नको म्हणाले, पण ज्या सुरात म्हणाले त्यावरून दिवाणाचं माप कळत होतं. मी वायव्येबद्दल बोलायला तोंड उघडलं. मुख्यालयातला एक जण म्हणाला, "उत्तम तोडगा आहे. खर्चही वाचतो." चार मिनिटांत पाच सह्या झाल्या. मी माझ्या हाताने लावलेल्या तिटेवरून त्यांची नजर घसरली होती आणि थेट बाळावर पडली होती.

बाहेर मुख्तारभाई उभे होते. माझा चेहरा खराखुरा पडलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. सगळं ऐकून ते म्हणाले, "क्या साब, तुमारा टीका तुमकोच लगा."

भिंत सोमवारी फोडायची होती. मुख्तारभाईंनी आपण होऊनच सांगितलं की फोडणारे दोघेही शादीला गेलेत, आठवडाभर येत नाहीत. मी विचारलं, कोणाची शादी? ते म्हणाले, "वो अब ढूंढना पडता." माझ्याकडे आठ दिवस आले.

आता खोड अशी सहजासहजी जाते का? पहिली थाप अंगाशी आली तर माणसाने शहाणं व्हावं. मी दुसरी थाप रचायला बसलो. वास्तुशास्त्राने खोली गेली, तर वास्तुशास्त्रानेच ती परत आणायची. साहेबाच्या पाठीमागची भिंत फोडली तर पद जातं, दिवाण त्या बाजूला टाकला तर बदली होते, असं बरंच काही मी जुळवलं. बापूसाहेबांच्या वास्तुतज्ज्ञाचं घरही मीच केलेलं होतं. त्याच्या तोंडून हे वदवून घेणं अवघड नव्हतं. मला माझाच अभिमान वाटायला लागला. ही युक्ती सांगायला मी ग्रंथालयात गेलो, आणि ताईंना हसायला येईल म्हणून पहिली थापही सांगून टाकली.

वंदनाताई हसल्या नाहीत. हातातली कात्री त्यांनी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्ही ते मुद्दाम चुकीचं काढलं व्हतं?"

"हो. म्हणजे चूक नव्हती ती. मुद्दाम केली होती."

"मग तर जास्तच वाईट." त्यांनी कव्हराचा कागद बाजूला सारला. "न् आता दुसरी लबाडी करून खोली परत आणणार?"

"तुम्हाला खोली मिळाल्याशी कारण ना, ताई?"

"नाय सर. आमच्या घरात दिशा बघून कोणी कधी काय केलं नाय. न् समजा, दिशा चुकली म्हणून खोली दिली, तर उद्या दुसरा कोणी यील, दुसरी दिशा काढील न् घेऊन जाईल. मग आमच्या हातात काय ऱ्हाईल? पोरींना लागती म्हणून द्या. तसं कागदावर लिहून द्या. ते सांगायला तुम्हाला कशाची लाज वाटती?"

मी म्हटलं, "लाज नाही. पण तसं मागितलं की देत नाहीत, हा माझा अनुभव आहे."

"तुम्ही कधी मागून बघितलं?" त्यांनी विचारलं.

मी आठवायचा प्रयत्न केला. दवाखान्याची ती खिडकी. डॉक्टरांनी ती बुजवायला सांगितली तेव्हा, "साहेब, आजारी माणसाला वारा लागतो," एवढं साधं वाक्य मी बोललो नव्हतो. मनातल्या मनात त्यांना मूर्ख ठरवून परत आलो होतो. त्यानंतर तीस वर्षं मी कोणाकडेच काही मागितलं नाही. सगळ्यांना चकवत आलो, आणि त्यालाच अनुभव म्हणत आलो. हे त्या टेबलासमोर उभं असताना कळलं आणि मला फार वाईट वाटलं.

समितीची बैठक परत बोलवावी असा अर्ज मी दिला. कारण लिहिलं, 'नकाशातील चुकीबाबत खुलासा'. मुख्यालयातल्या दोघांना परत यावं लागलं, त्यामुळे ते आधीच चिडलेले होते. वंदनाताईंना मी सोबत यायला सांगितलं होतं. त्या दाराशी उभ्या राहिल्या. मी उभा राहून सगळं सांगितलं. ईशान्येचा संडास मुद्दाम काढला होता. असं मी प्रत्येक प्लॅनमध्ये करतो. तुमचं लक्ष शेजारच्या खोलीवर जाऊ नये म्हणून केलं. आणि त्यामुळेच ती खोली गेली, म्हणून ती परत मागायला आलोय.

बापूसाहेब रागाने लाल झाले होते, पण पहिलं वाक्य आलं ते डॉ. सोनटक्क्यांचं. ते फार हळू आवाजात म्हणाले, "शेळके, प्रत्येक प्लॅनमध्ये?"

"हो सर."

"माझ्या फ्लॅटमध्ये?"

मी खाली बघितलं. "देवघर, सर. बाथरूमच्या दाराला लागून."

"पण ते तर मी पकडलं होतं! मी स्वतः ते हॉलमध्ये हलवायला लावलं!"

"तिथेच ते मला हवं होतं, सर."

सोनटक्के सरांच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी ते देवघर दाखवलं जायचं आणि मग ते कसं वाचलं याची गोष्ट सांगितली जायची. मीच ती तीनदा ऐकली होती. आता सर समोरच्या भिंतीकडे बघत बसले. लेखाधिकाऱ्यांनी रुमालात तोंड घातलं, खोकला आल्यासारखं.

"म्हणजे मला तुम्ही येडा समजलात!" बापूसाहेब गरजले.

"नाही बापूसाहेब. आजवर सगळ्यांनी मला पाहिजे तीच दुरुस्ती केली. तुम्ही एकटेच असे निघालात की माझ्या पुढे जाऊन दुरुस्ती केली. पस्तीस वर्षांत मला तुम्हीच हरवलंत."

यात एक शब्दही खोटा नव्हता, तरी बापूसाहेबांना तो थापेइतकाच लागू पडला. ते जरा मागे टेकले. "बरं, पण त्या खोलीचं एवढं काय लावून धरलंय?"

मी वंदनाताईंकडे पाहिलं. त्या दोन पावलं आत आल्या. टेबलावर पाच जणांसमोर पाण्याच्या पाच बाटल्या होत्या.

"पोरी दिवसभर पाणी पीत नाय, साहेब," त्या म्हणाल्या.

"पाणी पीत नाय? का बरं?" बापूसाहेबांनी विचारलं. अगदी मनापासून विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. बाकीच्या चौघांनाही नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत मलाही नव्हतं.

"पाणी पिलं की जावं लागतं. जायला जागा नाय. म्हणून."

मुख्यालयातल्या एकाने बाटलीचं झाकण उघडलं होतं. त्याने ते परत लावलं. ताईंनी मला सांगितलं होतं ते सगळं त्यांना सांगितलं. महिन्यातले दिवस, घरी बसलेल्या दोघी, ठरलेलं लग्न. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "मला खोली पाहिजे, न् ती पोरींची हाय असं कागदावर पाहिजे."

मग बापूसाहेबांनी प्लॅन स्वतःकडे ओढला. "वधूपक्षाची खोली हाय ती," ते म्हणाले. "मी बांधली तवाच पोरींसाठी बांधली व्हती. व्हय का नाय, शेळके?" एवढं बोलून त्यांनी स्वतःच मारलेली काट स्वतःच खोडली. खोली त्यांनीच दिली असं ते आता गावभर सांगतात, आणि मी अजिबात दुरुस्ती करत नाही. सोनटक्के सरांनी खोलीवर स्वतःच्या अक्षरात 'मुलींची खोली' असं लिहिलं, खाली सही केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आता माझं काय?"

"वायव्य, सर," मी म्हटलं.

"हे तरी खरं ना?"

याची शिक्षा मला मिळाली. आठ दिवसांत ही गोष्ट शहरभर झाली. शहागंजातले शेठजी ऑफिसात येऊन माझ्याशी पंधरा मिनिटं काहीही न बोलता बसले आणि चहा पिऊन निघून गेले. मी तीट लावणं सोडलं, पण लोकांना ते पटत नाही. नवं गिऱ्हाईक प्लॅन उलगडतं आणि डोळा मारून विचारतं, "कुठे आहे?" नाही म्हटलं तर भिंगातून शोधत बसतं. एका जोडप्याने तीन तास शोधलं. काहीच न सापडल्याने त्यांचं आपसात भांडण झालं आणि काम गेलं. आता मला जे हवं असतं ते मी सरळ सांगतो. कधी ऐकतात, कधी नाही. ऐकत नाहीत ते पूर्वीपेक्षा जरा जास्तच आहेत, हे कबूल करतो.

उपकेंद्र सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी मी फोटोग्राफर घेऊन गेलो. झालेल्या प्रत्येक कामाचे फोटो काढून मी अल्बममध्ये लावतो, नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला. प्रयोगशाळा झाली, ग्रंथालय झालं, गुलाबी फुलंही टिपली. मग आम्ही स्टेजमागे गेलो. त्या खोलीचं काम मी आणि मुख्तारभाईंनी फार जीव लावून केलं होतं. पण पडदे, गाद्या, पाट्या हे सगळं मुलींनी मागाहून स्वतः केलं, असं कळलं होतं. मला ते बघायचं होतं. दार आतून बंद होतं. मी टकटक केली.

"कोणंय?" आतून एका मुलीचा आवाज.

"मी शेळके. ही खोली मी केलीय. जरा बघायची होती."

आत कुजबुज झाली, मग दोघी-तिघी खुदकन हसल्या. तोच आवाज म्हणाला, "काका, तुम्हीच केलीय ना? मग तुम्हाला ठावंच असंल की आत कसंय ते!"

फोटोग्राफर माझ्याकडे बघत होता. मागून वंदनाताई आल्या. त्या दार उघडायला सांगतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "सर, ही पोरींची खोली हाय."

माझ्या अल्बममध्ये त्या कामाच्या पानावर बंद दाराचा फोटो आहे. नवं गिऱ्हाईक आलं की मी ते पान आधी उघडतो.